खिशातला साक्षीदार

भर दुपारी दुधाचा टँकर घाटात अडीच तास उभा राहिला आणि सगळं दूध नासलं. गाडीवर ड्रायव्हर होता तातोबा मगदूम. बावीस वर्षं तो एकाच मालकाकडे होता. मालकांचं नाव विश्वासराव सरदेशमुख, पण नाव सोडलं तर त्यांच्याकडे विश्वास कुठेच सापडायचा नाही. म्हणून तर त्यांनी परवाच टँकरला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवून घेतलं होतं. यंत्रात सिमकार्ड. फोनवरून मेसेज पाठवला की गाडी कुठे आहे ते कळवायचं, आणि सांगाल तो हुकूम पाळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तातोबाला ओसरीसमोर उभं केलं.

"झोपलास तू, तातोबा. बारा चाळीसपासून तीन दहापर्यंत गाडी जागची हलली नाही. यंत्र खोटं बोलत नाही. किल्ली ठेव आणि चालू लाग."

"मालक, शेळ्या आडव्या आल्या म्हणून थांबलो, तर इंजिनच बंद पडलं. मिस्त्री आणला, त्याला काय बी गावलं न्हाई. तीन वाजून गेल्यावर आपसूक चालू झालं."

"आपसूक! म्हणजे गाडीनं वामकुक्षी केली म्हण की."

तातोबाचे डोळे भरून आले. या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार? त्याची मुलगी वनिता मागेच उभी होती. दूध संकलन केंद्रात फॅट तपासायचं काम तिच्याकडे, त्यामुळे यंत्रांना आणि मालकांना, दोघांनाही ती घाबरत नसे.

"आणि आप्पा झोपले न्हाईत असा साक्षीदार आणला तर?"

"आण की," मालक मिशीत हसले. "पण तो गाडीतला नको, रस्त्यावरचा नको, तुमच्या भावकीतला नको. आणि त्याला खोटं बोलता येता कामा नये. संध्याकाळपर्यंत आण, नाहीतर किल्ली गेली."

"संध्याकाळ कशाला? त्या यंत्राचा कागद तेवढा बघू द्या."

कागदावर इंग्रजीत हुकमांची यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण.

"सगळे हुकूम मी स्वतः पाठवून बघितले काल," मालक ऐटीत म्हणाले. "एकेक अक्षर बघून, पुढं सहा आकडी पासवर्ड घालून. कुणाला हात लावू दिला नाही."

वनितानं कागद वाचला, उलटला, परत सुलटा केला.

"मालक, साक्षीदार तुमच्या सदऱ्याच्या खिशात बसलाय. फोन काढा आणि तुम्हीच पाठवलेले मेसेज वाचा. बारा चाळीसचा."

मालकांनी चष्मा लावला. "स्टॉप."

"म्हणजे इंजिन बंद कर," वनिता फोनात डोकावून म्हणाली. "कागदाच्या या बाजूची शेवटची ओळ. बंद केलं म्हणून यंत्रानं उलट मेसेज बी धाडलाय."

"तो होय? मला वाटलं कंपनी आभार मानती."

"आता त्याच्या पुढचा वाचा."

"रिझ्यूम." मालकांचा आवाज खाली आला. "तीन दहा. हा मागच्या बाजूला होता."

"म्हणजे इंजिन परत चालू कर. मधल्या वेळात आप्पांचे सात फोन येऊन पडल्यात, उचलला एक बी न्हाई. मालक, झोप लागली हे खरंच हाय. फक्त पान उलटायला अडीच तास कुणाला लागले, तेवढं साक्षीदाराला विचारा."

आतल्या खोलीतून मालकिणीचं हसू फुटलं. मालकांनी रागानं दाराकडे बघितलं, मग फोनकडे, मग कागदाकडे. आणि त्यांचंच पोट हलायला लागलं. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत ते हसले.

"किल्ली उचल रे तातोबा. आणि पोरी, तू काय पाहिजे ते माग."

"दूध उतरवून झालं की आप्पांना रोज अर्धा तास झोप. गाडी सावलीत लावून, तुमच्या परवानगीनं."

"दिली," मालक म्हणाले. "आणि तेवढा वेळ माझा फोन मालकिणीच्या कपाटात."