बयाजीरावांचा श्वास थांबला

भाविकहो, सदोबा महाराज सोनवळ गावी मारुतीच्या पारावर उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच गावात भिवरा राहायची. कुणी अंथरुणाला खिळलं की हिला बोलावणं यायचं. कूस बदलणं, जखमा धुणं, सगळं मायेनं करायची माउली!

त्या वेळी ती बयाजीरावांच्या उशाशी होती. म्हाताऱ्याचं आता काही खरं नव्हतं. पण मुलगा खंडेराव याने तिला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती, "आबांना यातलं अक्षर कळता कामा नये." त्र्यंबकशास्त्री वैद्यांनी तर पाणी द्यायचंही बंद केलेलं.

आणि आबा रोज तिचा हात धरून विचारत, "भिवरे, खरं सांग, मी उठणार का गं? उठणार नसेन तर माझ्या सगुणेला बोलाव. बारा वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नाही. माझंच चुकलं."

भिवरा रडत पारावर गेली. "महाराज, बोलले तर शपथ मोडते, गप्प बसले तर त्यांची लेकीशी भेट चुकते. काय करू?"

महाराज म्हणाले, "न विचारणाऱ्यावर लादू नये, पण विचारणाऱ्याला फसवू नये. सांग जा. शपथेचं पाप माझ्या पदरात."

तिने सगुणेकडे माणूस धाडला आणि आबांना खरं ते सांगितलं. आबा शांत हसले, डोळे मिटले, आणि श्वासच थांबला!

शास्त्री कडाडले, "नाडी सुटली! बाळंतिणींची धुणी धुणारी तू, वैद्यकी शिकवतेस? मारलंस त्यांना!" खंडेराव तर अंगावर धावला.

इतक्यात महाराज दारात! म्हणाले, "भिवरे, पाणी पाज."

"गंगाजळ आणू?"

"अगं, विहिरीचं आण. लेक आल्याशिवाय कसा जाईल तो?"

तिने चमचाभर पाणी ओठांना लावलं. आणि काय सांगावं! घोट खाली उतरला, आबांनी डोळे उघडले. "गोड आहे गं," म्हणाले. पुढे दोन दिवस ते पाणी मागून पीत होते. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून सगुणा उतरली. बापलेक पोटभर बोलले, रडले, हसले. मग लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून आबा सुखाने गेले. खंडेरावाने बहिणीला पोटाशी धरलं.

शास्त्री महाराजांच्या पायांवर पडायला धावले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि भिवराकडे बोट दाखवलं.

सगळ्या गावासमोर शास्त्रींनी तिच्यापुढे डोकं टेकवलं. म्हणाले, "भिवराबाई, माझी वेळ आली की मलाही खरं सांगा."