काठावरची काजळी

घाटात जीप बंद पडली नसती, तर दादा वाचला असता का?

हा प्रश्न किसनाने दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारला, भटजींना विचारला, चुलीपुढे बसलेल्या वहिनीलाही विचारला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भटजींनी आभाळाकडे पाहिले. वहिनी नुसती रडली.

दादाची ती म्हातारी जीप गावोगावची माणसे वाहायची. घाट चढून आला की दादा थांबून खाली उतरे आणि थकल्या बैलाला थोपटावे तसे तिचे बॉनेट थोपटे. दादाच्या छातीत कळ आली त्या दुपारी त्याला दवाखान्यात नेताना गाडी किसना चालवत होता. चढावर इंजिन ठकठक वाजू लागले, तापले आणि मध्यावरच बंद पडले. दादा मागच्या बाकावरच गेला.

शाळेत किसनाचे मन कधी रमले नाही. जे काही तो शिकला, ते गॅरेजवाल्या वृद्ध उस्तादांच्या हाताखाली. ट्रॅक्टरला बांधून त्याने जीप त्यांच्याच दारात आणली.

"पहार द्या, उस्ताद. हिचं इंजिन फोडतो. ही बंद पडली नसती, तर तो वाचला असता का? हिनंच माझा दादा खाल्ला."

"फोड की," उस्ताद म्हणाले. "पण तुझी वहिनी काय म्हणाली?"

किसनाची मान खाली गेली. "म्हणाली, भावजी, त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं. त्यांच्या अस्थी संगमावर जातील त्या याच गाडीतनं, परक्या गाडीत मी बसणार नाही."

"मग पहार राहू दे. पाना घे."

इंजिनचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उघडले. पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हांवर काजळीचे जाड, टणक थर बसले होते. किसनाने पोलादी पटाशी उचलली आणि शत्रूवर तुटून पडावे तसा तो खरवडू लागला. उस्तादांनी पटाशी काढून घेतली आणि डिझेलमध्ये भिजवलेली बांबूची कामटी त्याच्या हाती दिली.

"पिस्टन मऊ असतो, बाबा. तुझ्या रागाचा ओरखडा त्याच्यावर जन्मभर राहील."

किसना भिजवत, घासत, पुसत राहिला. हळूहळू काळ्याखालून धातू उजळला. माथ्याच्या काठाला काजळीची एक बारीक कड तेवढी उरली. त्याने तिला कामटी लावली, तोच उस्तादांनी त्याचे मनगट धरले.

"ती राहू दे."

"का? काजळी म्हणजे इंजिनचा दमा, असं तुम्हीच सांगता. मग ही काय देवाला नैवेद्य ठेवायची?" किसनाने हिसडा देऊन मनगट सोडवले. "त्या दिवसातलं काही म्हणजे काही उरायला नको मला!"

उस्ताद त्याच्याजवळ जमिनीवर बसले.

"नवं इंजिन असतं तर काढ म्हणालो असतो. हे झिजलंय. झिजून जी फट पडली, ती या कडेनं भरली आणि वर चढणारं ऑइल अडवून धरलं. ही काढलीस तर पिस्टन आरशासारखा दिसेल आणि गाडी निळा धूर ओकेल. श्वास कोंडते ती काजळी काढायची. जिनं फट धरलीय, तिला हात लावायचा नाही." ते पुढे म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशीही नाही, पोरा. राग तेवढा काढ. दुःख राहू दे काठाला. तुझीही झीज झालीय."

किसनाने त्या काळ्या कडेवरून हलकेच बोट फिरवले. मग त्याने कामटी खाली ठेवली आणि दादा गेल्यापासून प्रथमच तो मोकळेपणी रडला. उस्तादांनी त्याला रडू दिले.

अस्थींचा कलश मांडीवर घेऊन वहिनी शेजारी बसली आणि जीप घाटाला लागली. बंद पडली होती ती जागा आली. प्रश्न पुन्हा मनात उठला. गाडी मात्र धापा न टाकता चढत राहिली.

घाटमाथ्यावर किसनाने ती थांबवली. तो खाली उतरला, पुढे गेला आणि दादाच्या वतीने तिचे तापलेले बॉनेट थोपटले.