गारठलेल्या हातांची शीळ

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर एक तिरंदाज राहायचा. नेम असा, की बाण वाया गेला असं कुणी ऐकलं नव्हतं. पण स्वारी भारी मानी! "माझं चुकलं" हे शब्द काही त्याच्या तोंडून निघायचे नाहीत.

त्या वर्षी पावसाने नुसता कहर केला होता. भर पावसात एक रानडुक्कर येऊन लोकांची नाचणी उधळायचं, आडवं येईल त्याच्या अंगावर जायचं. शेवटी तिरंदाज आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, दोघे डुकराच्या मागावर निघाले.

पाड्याची रीत ठरलेली होती. तिरंदाजाने दगडाआड दबा धरायचा आणि दुसऱ्याने थाळी बडवत झुडपातून डुक्कर उठवायचं. पण कधी? तिरंदाजाने शीळ घातल्यावरच. आणि शीळ कधी घालायची? हात कोरडे, गरम झाले, अंगठा चारही बोटांना नीट टेकला, की मगच. म्हणून तर बायकोने तव्यावर कोंडा तापवून चामड्याच्या पिशवीत भरून दिला होता.

"इरल्याखाली धरा, हात आतच ठेवा," ती म्हणाली. "माझा भाऊ तुमच्या भरवशावर येतोय हो."

"बरं बरं, मला शिकवू नकोस!"

आणि दगडाआड पोचल्यावर या शहाण्याने काय करावं? पिशवी गुंडाळली धनुष्याच्या दोरीला! दोरी भिजून सैल पडेल, ही त्याला काळजी. हात राहिले बाहेर, पावसात. अरे बाबा, दोरी काय आपोआप ओढली जाते?

झुडपाकडे जाताना मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, घाई नको. हात गरम होईपर्यंत थांबतो मी, दिवस मावळला तरी."

थोड्या वेळाने तिरंदाजाने अंगठा करंगळीला लावून पाहिला. टेकेचना. आता पिशवी सोडायची, हात शेकायचे, म्हणजे उशीर. मेहुणा काय म्हणेल? दाजी थकले म्हणेल! त्याने तशीच शीळ घातली.

थाळी वाजली, तशी त्याने दोरीवरची पिशवी ओढून बाजूला टाकली. डुक्कर उसळून अगदी समोर आलं. दोरी कोरडी ठणठणीत होती, पण बोटांची लाकडं झाली होती. दोरी अर्ध्यातच निसटली आणि बाण चार पावलांवर चिखलात पडला. दुसरा बाण धरताच येईना. तेवढ्यात डुक्कर माघारी फिरलं, थेट थाळीच्या आवाजावर.

पाड्यातली माणसं धावून आली, डुक्कर पळालं. मेहुणा जिवानिशी वाचला, पण मांडी फाटली होती. पुन्हा त्याला कधी डोंगर चढता आला नाही.

भावाच्या जखमेवर पाला बांधताना बायकोला रडू आवरेना. "मीच कोंडा कमी तापवला का हो?"

"नाही गं ताई," मेहुणाच म्हणाला. "हात गरम होते. दाजींची शीळ ऐकली ना मी, म्हणून तर निर्धास्त गेलो."

तिरंदाजाचा बांध फुटला. "कोंडा गरम होता. हातच गार होते माझे. माझं चुकलं!" तो हुंदके देत म्हणाला. पण आता म्हणून काय उपयोग? "थांब जरा" एवढंच वेळेवर म्हणायचं होतं.

पुढे दर पावसाळ्यात शिकारीला निघणाऱ्यांना तो स्वतः कोंडा तापवून द्यायचा. ओटीवर मेहुणा पाय लांब करून बसलेला असायचा. त्याच्याकडे मान वर करून बघायचं धाडस मात्र तिरंदाजाला शेवटपर्यंत झालं नाही.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आपली तयारी नसताना "तयार आहे" असं कधीही सांगू नये.