अध्यक्षांची वाट

तालुक्याच्या कॉलेजात नोकरी-मार्गदर्शनाचा मेळावा होता. सकाळपासून पोरं मंडपात ताटकळली होती. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब भर दुपारी डुलत आले, कारण वेळेवर येतो तो मोठा माणूस कसला! हार गळ्यात पडले आणि त्यांनी माईकवरूनच सुनावलं, "अर्थशास्त्राचा वर्ग यंदापासून बंद! पोटाला न घालणारा विषय हवाय कुणाला?"

मोनाली त्याच वर्गात शिकत होती. तिला बँकेची परीक्षा द्यायची होती, आणि वर्ग मोडला की बाप तिला घरी बसवणार होता. ती ताडकन उभी राहिली.

"दादासाहेब, उपयोग मी सांगू?"

"सांग की पोरी! एक जरी सांगितलास तरी वर्ग ठेवतो."

"तुमची वाट बघण्यात आमची अख्खी सकाळ गेली. त्यात किती नुकसान झालं, ते मोजायला आमच्या वर्गात शिकवतात. तोच वर्ग बंद केलात, तर लोक म्हणतील, दादासाहेब मोजणीला भ्याले."

मंडप खदाखदा हसला. दादासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

"बरं, वर्ग राहील. पण आजचं तेवढं मोजू नकोस हो."

"ते तर तुमची वाट बघतानाच मोजून झालं, दादासाहेब."