पाचवं मत

हातपंप दुरुस्त करणारे नारबा खोमणे लोकसभेला उभे राहिले आणि सपशेल पडले. पुन्हा निवडून आलेले खासदार गावात सत्काराला आले, तेव्हा त्यांनी बूथच्या मतांचा कागद मुद्दाम माइकवरून वाचला.

“नारबा, तुमच्या घरात मतं पाच आणि तुम्हाला पडली चार. अहो, घरातलंच कोण फुटलं?”

सगळा मांडव खदाखदा हसला.

नारबा उठले. “मीच, साहेब. बटण दाबताना मनात आलं, मी दिल्लीला गेलो तर सोळा गावांचे पंप बंद पडतील. म्हणून तुम्हाला दिलं.”

खासदार खुलले. “म्हणजे माझ्यावर विश्वास आहे!”

“पक्का. मागची पाच वर्षं तुम्ही इकडं फिरकला नाहीत, तरी कुणाचं काही अडलं नाही.”