हरणीच्या बरगड्या आणि हौसाची पळी

एकदा काय झालं, एका राजाला सकाळी उठल्या उठल्या बरगड्या खायची लहर आली. साध्यासुध्या नाही बरं का, हरणाच्या! आपल्याला लहर आली तर आपण गुळाचा खडा मागतो. राजाला कोण अडवणार? धनुष्य घेतलं आणि निघाला रानात. रानात हे दाट धुकं. समोरचं नीट दिसेना, तरी गड्याने बाण सोडलाच. आणि एक हरणी मारून आणली.

पाय आवर रे, चुळबुळ नको. गोष्टीत पुढे हवी तेवढी चुळबुळ आहे.

तर राजाच्या मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, हौसा नावाची बाई होती. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. एक तान्ही लेक होती, ठकी. ठकीची झोळी चुलीजवळच्या कोपऱ्यात टांगलेली असायची. तो कोपरा हेच मायलेकींचं घर.

राजाची रीत अशी, की आधी नुसत्या बरगड्या काढायच्या, बाकीचं उद्या. म्हणून हरणी अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवली आणि बरगड्यांची परात हौसापुढे आली. राजा म्हणाला, "हौसे, दिवे लागायच्या आत ताट वाढ. नाहीतर पोरीला उचल आणि वेशीबाहेर चालती हो."

हौसा बरगड्या धुवायला अंगणात गेली, आणि तिला दिसलं. हरणीच्या कासेतून दूध ठिबकत होतं. म्हणजे रानात कुठेतरी तिचं पाडस वाट बघत होतं. आता त्या मुलखात दूध पाजणारी आई कुणी मारत नसे. शिकारी आधी कास बघायचे, मगच बाण लावायचे. राजाने धुक्यात बघितलंच नाही! पण हौसा बोलते कशी? झोळीत ठकी, समोर वेस.

मग तिने काय केलं, कांदा-खोबरं खरपूस भाजलं, आलं-लसूण घालून वाटण वाटलं, बरगड्यांना हळद-मीठ चोळलं आणि हंडी चुलीवर चढवली. आता रस्सा रटरटणार, एवढ्यात कुठून कोण जाणे, वारा आला. फूऽऽ! चूल विझली. हौसाने फुंकणीने पुन्हा पेटवली. फूऽऽ! पुन्हा विझली. दारं लावली, खिडक्या लावल्या. वारा आतच!

बरं, तो चुलीपाशी तरी थांबावा? छे! वाड्यात शिरला. पडदे उडवले. पागेतले घोडे टापा आपटायला लागले. राणी बसली की उठायची आणि उठली की बसायची. पहारेकरी या पायावरून त्या पायावर. ठकी झोळीत टक्क जागी, डोळ्याला डोळा नाही. कुणाला म्हणून चैन पडेना.

मग हौसाने बरगड्या हंडीतून काढल्या, दह्यात घोळवल्या आणि निखाऱ्यांवर भाजायला ठेवल्या. म्हटलं, निखारा काही फुंकरीने विझत नाही. फूऽऽ! निखारे उडाले चारी दिशांना. हौसा चिमटा घेऊन त्यांच्यामागे धावतेय, तोवर राजा येरझाऱ्या घालत घालत तिथे आला.

"झालं का?"

"अजून कच्च्या आहेत, महाराज."

ऐकतोय कशाला? उचलली एक बरगडी आणि कडाकडा चावून गिळलीसुद्धा, हाडासकट! शी काय? राजा होता तो, त्याला कोण शी म्हणणार? पण घास पोटात गेला मात्र, आणि "उचक्!" राजाला उचकी लागली. पाणी प्यायला, उचक्. नाक दाबलं, उचक्. सिंहासनावर बसला तर सिंहासनासकट उचक्!

ऊन उतरायला लागलं. हौसाचा जीव टांगणीला. मग तिने अंगणात खड्डा खणला. तळाशी तापलेले दगड ठेवले, बरगड्या पळसाच्या पानांत गुंडाळून त्यावर ठेवल्या आणि वरून माती लोटली. "आता शीर बघू मातीत," असं वाऱ्याला म्हणाली आणि ठकीला छातीशी धरून तिथेच बसली.

आणि काय सांगू बाळांनो, ती माती हलायला लागली. वर, खाली. वर, खाली. हौसाने मातीवर हात ठेवला. तर तिच्या छातीशी ठकीच्या एवढ्या एवढ्या बरगड्या, त्याही तशाच. वर, खाली. वर, खाली.

तेव्हा हौसाला कळलं. अगं बाई, हा वारा नव्हेच! हा तर हरणीचा श्वास. बरगड्या म्हणजे त्याचं घर. घर काढून घेतल्यावर बिचाऱ्याने जायचं कुठे? म्हणून तो वाडाभर हिंडत होता. हौसाला रडू आलं. आपलं घर जाईल म्हणून ती दुसऱ्याचं घर शिजवायला निघाली होती.

तिने दोन्ही हातांनी माती उकरली. बरगड्या बाहेर काढल्या. पानंसुद्धा कोमेजली नव्हती. परात घेऊन ती तडक राजापुढे उभी राहिली.

"महाराज, ह्या बरगड्या मी शिजवणार नाही."

"का? उचक्!"

"लेकुरवाळी होती ती. रानात तिचं पाडस आहे."

राजाचं तोंड उतरलं. "धुक्यात मला दिसलं नाही गं. उचक्!"

"मला दिसलं होतं, महाराज. वेशीच्या भीतीने मी बोलले नाही. आता घालवायचं तर घालवा, पण आधी हे जिथलं तिथे ठेवू द्या."

राजा उठला. तिच्यामागून कडुनिंबाखाली आला. हौसाने एकेक बरगडी जागच्या जागी बसवली. तर एक कमी! श्वास धावत आला, आत शिरला, आणि त्या फटीतून सूंऽऽ करून बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हौसाने राजाकडे बघितलं. राजाने मान खाली घातली. "उचक्!"

दिवे लागायची वेळ होत आली. मग हौसाने कमरेची लाकडी पळी काढली. तिच्या आईची पळी होती ती. गुडघ्यावर ठेवून काडकन मोडली आणि दांडा त्या फटीत बसवला. अगदी नेमका बसला. श्वास आत शिरला, आणि राहिला!

हरणीने डोळे उघडले. हौसाने तिच्या पाठीवर थोपटलं, "ऊठ गं माझे बाई, लेकरू उपाशी आहे." हात तर बरगड्यांच्या दह्याने भरलेले! पाठभर पांढरे ठिपके उठले. ते पुसायलासुद्धा हरणी थांबली नाही. कुंपणावरून उडी मारली आणि गेली रानात, पाडसाकडे.

आणि राजाची उचकी थांबली, बरं का. घोडे शांत झाले. राणी बसली ती बसलीच. ठकीने हे एवढं तोंड उघडून जांभई दिली.

दिवे लागले. राजा हळूच म्हणाला, "हौसे, भूक लागलीय गं." हौसाने पिठलं टाकलं. पण ढवळायला पळी कुठे होती? पिठल्यात ह्या मोठाल्या गाठी झाल्या. राजाने त्या गाठीसुद्धा मुकाट खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कोरून हौसाला नवी पळी दिली. वाकडीच झाली होती, पण हौसाने ठेवून घेतली. तिचा कोपराही तिचाच राहिला. धुक्यात बाण मात्र राजाने पुन्हा कधी सोडला नाही.

मग ठकी झोपली, राजा झोपला, रानात आईच्या कुशीत पाडस झोपलं. छातीवर हात ठेव बघू. वर, खाली. आहे ना श्वास घरी? मग मिटा डोळे आता.