रांजणाच्या वाटेवरचा दगड

एका गावात एक गुरुजी होते. विद्या भरपूर, अक्षर मोत्यासारखं, पण काळीज सशाचं. आभाळ गडगडलं की पोरांआधी तेच घाबरत. शाळेच्या अंगणापलीकडे, कुंपण नव्हतं त्या बाजूला, एक जुनी बारव होती, खोल आणि काळ्या पाण्याची. तिचा एका अंगाचा कठडा केव्हाच ढासळला होता. तो बांधायचं गाव दरवर्षी ठरवी आणि दरवर्षी विसरे. पोरांना तिकडे जायची बंदी होती, आणि खरं सांगायचं तर गुरुजी स्वतःही तिकडे फिरकत नसत.

एके दिवशी एक कुंभारीण आपल्या लेकीला घेऊन शाळेत आली. लेक आठ वर्षांची, नाव हौसा. तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

"गुरुजी, पोरगी हुशार हाय. तुमच्या पदरात घालते," कुंभारीण म्हणाली. "चार पोरांत बसू द्या, शिकू द्या."

नाही म्हणायची गुरुजींची छाती झाली नाही. त्यांनी मान हलवली खरी, पण डोळ्यांपुढे बारवच उभी राहिली.

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. हौसा जागची उठली की यांचा खडू थांबे. हौसा मात्र बिनघोर. पहिल्याच दिवशी आईने तिला हाताला धरून अंगणभर फिरवलं होतं. तहान लागली की ती एकटी दारातून बाहेर पडे, सरळ चालत जाई, वाटेत एका दगडाला तिचा पाय लागे, मग उजवीकडे वळून ती रांजणातलं पाणी पिई आणि परत येई. गुरुजी दारातून बघत. त्यांना एवढंच दिसे, की पोरीचा पाय रोज दगडाला लागतो.

"एक दिवस पालथी पडेल," ते स्वतःशी म्हणत. "डोकं फुटेल. मग कुंभारणीला काय तोंड दाखवू?"

शेवटी एका सकाळी, हौसा यायच्या आत, त्यांनी चार दांडग्या पोरांकडून तो दगड उचलवून कुंपणाबाहेर टाकला.

"हौसाला सांगायचं का?" एका पोराने विचारलं.

"तिला कशाला? तिच्या भल्यासाठीच करतोय," गुरुजी म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

दुपारी हौसाला तहान लागली. ती उठली, तरी गुरुजींनी आज फळ्यावरून नजर काढली नाही. वाट साफ होती ना! तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक मुलगी किंचाळली, "गुरुजी, हौसा बारवेकडं चालली!"

गुरुजींच्या हातून खडू पडला. दारात येऊन बघतात तो काय, हौसा रांजणाचं वळण मागे टाकून सरळ पुढे गेलेली. ढासळलेल्या कठड्यापासून चार पावलांवर. तिचे पाय चाचपत होते, काहीतरी शोधत होते, आणि शोधता शोधता पुढेच जात होते.

"अगं, तिकडे नको! इकडे ये!" गुरुजी ओरडले. त्यांच्यामागून सगळी शाळा ओरडू लागली. कुणी दारातून, कुणी खिडकीतून, कुणी कुंपणावर चढून. "इकडं ये! इकडं!" तो गलका बारवेत घुमला, आणि आतूनही कुणीतरी बोलावू लागलं, "इकडं ये... इकडं ये..."

हौसा गोंधळून स्वतःभोवती फिरली. मग त्या घुमणाऱ्या आवाजाकडे तिने एक पाऊल टाकलं. काठाची माती सुटली. ती माती खाली पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

गुरुजींना वाटलं, धावत जाऊन तिला धरावं? ती दचकली तर? तेव्हा हौसाच रडत ओरडली, "गुरुजी, इकडं म्हंजी कुठं? नीट सांगा की!"

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "गप्प! कुणी चकार शब्द काढू नका." सगळे चिडीचूप झाले. मग ते सावकाश म्हणाले, "हौसा, मी गुरुजी. तुझ्या पाठीमागे, शाळेच्या दारात आहे. तुझ्या पुढे बारव आहे, पुढे पाय टाकू नको. आहेस तशीच मागे मागे ये. एक पाऊल. शाबास. आणखी एक. आणखी."

ती दहा पावलं मागे आली, तेव्हा कुठे गुरुजी धावले आणि तिला पोटाशी धरून मटकन खाली बसले.

उद्यापासून हिला पाठवू नका, असं कुंभारणीला सांगून टाकायचं गुरुजींनी मनाशी पक्कं केलं. जिवाला हा घोर कोण लावून घेणार? तेवढ्यात हौसाने विचारलं, "गुरुजी, माझा दगड कुठं गेला?"

"तुझा दगड?"

"त्याला पाय लागला की वळायचं, असं आयनं शिकवलंय. आज लई शोधला. गावलाच न्हाई."

आता कुठे गुरुजींना सगळं उमगलं. ज्या बारवेला ते भीत होते, तिच्या तोंडाशी पोरीला त्यांनीच नेऊन सोडलं होतं, आणि तेही मायेपोटी.

"मी हलवला," ते खाली मानेने म्हणाले. "तुला ठेच लागेल म्हणून."

"मग मला विचारायचं की," हौसा डोळे पुसत म्हणाली.

पोरीला पाठवू नका, हे सांगायला गुरुजी कुंभारणीकडे गेलेच नाहीत.

दगड त्याच संध्याकाळी जागेवर आला. कठड्यासाठी तर गुरुजींनी रोज चावडीवर जाऊन असा काही आरडाओरडा केला, की कंटाळून पाटलाने आठवड्यात गवंडी धाडला.

दगड जागेवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी फळ्याकडे वळता वळता थांबले. "हौसा, शिकताना तुला काय अडतं?"

"गुरुजी, तुमी फळ्यावर लिवता आन् म्हणता, यातनं हे गेलं की हे उरलं. 'हे' म्हंजी किती, ते मला कळत न्हाई. लिवताना मोठ्यानं बोलाल का?"

"अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"भ्या वाटायचं. तुमी म्हणाल, उद्यापासून येऊ नको."

गुरुजींनी झटकन फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण डोळ्यांतलं पाणी पोरांना दाखवायचं नव्हतं. मग खडू उचलून ते मोठ्याने म्हणाले, "सत्तावन्नातून एकोणीस वजा केले, उरले किती?"

त्यांचं लिहून व्हायच्या आत हौसाने उत्तर दिलं, "अडतीस!"

तात्पर्य: ज्याला मदत करायची, त्यालाच आधी विचारावं. न विचारता केलेली मदत माणसाला कधी कधी बारवेच्या काठाशी नेऊन उभी करते.